पवनारचा पहिला सत्याग्रही

वर्धा शहराला लागून पिपरी मेघे हे गाव आहे. पूर्वी ते शहराहून निराळे उठून दिसत असे; आता शहर वाढत वाढत त्याच्या अंगणात येऊन उभे राहिले आहे. पवनार व सेवाग्राम ही दोन्ही स्थळे तेथून सायकलीने सहज गाठता येतात. ह्या भागातील गावोगावी पहाटे, अजून अंधार असतानाच, रस्त्याच्या कडेने धावणारी मुले दिसतात. ती भरतीची तयारी करीत असतात. १९२२ साली नव्हे, १९४२ साली नव्हे, तर २०२२ सालापासून सरकारने सैन्यभरतीची जी नवी रीत घातली, तीप्रमाणे साडेसतरा वर्षांचा मुलगाही अर्ज करू शकतो. चार वर्षे नोकरी, आणि त्यानंतर शेकडा पंचवीसपर्यंतच पुढे कायम राहावयाचे. आमच्या मंडळ्यांतील आईबाप अशा मुलाच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागण्यास पाळकाकडे किंवा उपदेशकाकडे येतात, आणि दाखला घेऊन झाल्यावर उंबरठ्यावर थबकून हळूच विचारतात, की मुलाने जावे हे बरे की वाईट?

प्रिय वाचकहो, ह्या प्रश्नाचे तयार उत्तर आमच्यापाशी नाही. परंतु ज्याने हाच प्रश्न आपल्या ह्या वर्धा तालुक्यात उघड्यावर उभे राहून सर्व देशापुढे मांडिला, त्या पुरुषाचे चरित्र आमच्या तरुणांस माहीत असावे असे वाटल्यावरून आम्ही ते येथे देत आहो. ते पुरुष म्हणजे विनोबा भावे होत. त्यांचे नाव भूदानामुळे सर्वांस ठाऊक आहे. पण १९४० सालच्या ज्या चार दिवसांविषयी आम्हास मुख्यतः सांगावयाचे आहे, ते चार दिवस वर्ध्याचे लोकही विसरत चालले आहेत.

विनायक नरहर भावे ह्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे ह्या लहानशा गावी झाला. आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, परंतु मोठी भाविक. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास राहात व कालांतराने सर्व कुटुंब तेथे गेले. मुलाने शाळेत फ्रेंच घ्यावी असे वडिलांस वाटे, आईला संस्कृत पाहिजे होते. मुलाने शाळेत फ्रेंच घेतली व घरी संस्कृत धरली. गणितात त्याची बुद्धी फार चाले. अनवाणी मैलोगणती भटकावे, हाती पडेल ते पुस्तक वाचावे, मित्रांस जमवून वाद घालावा, असा त्याचा क्रम होता.

येथे एक गोष्ट आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावी. विनोबा हे जन्मतःच शस्त्रांस भिणारे किंवा त्यांचा तिटकारा असणारे असे कोणी नव्हते. त्या काळी बंगालमध्ये तरुण मुले बाँब व पिस्तुले घेऊन सरकाराविरुद्ध उठली होती व त्यांच्या वार्ता बडोद्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत येत. विनोबांचे मन त्यांच्याकडे ओढ घेई. दुसरीकडे हिमालयात जाऊन तप करावे हीही ओढ तेवढीच बलवान. पुढे त्यांनी स्वतःच पुष्कळदा सांगितले आहे, की बंगालची क्रांती व हिमालयाची शांती ह्या दोहोंच्या शोधात आपण घर सोडिले. परीक्षेची प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या देखत चुलीत घातली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेस म्हणून ते मुंबईच्या गाडीत बसले व सुरतेस उतरून काशीची वाट धरिली. काशीस असता गांधीजींनी तेथील हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात थोड्याच दिवसांपूर्वी केलेले भाषण त्यांच्या वाचनात आले, पत्रव्यवहार झाला, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेजवळील कोचरब येथील आश्रमात दोघांची भेट झाली. ज्या दोन वस्तूंच्या शोधात आपण निघालो त्या दोन्ही एकाच ठिकाणी सापडल्या असे त्यांस वाटले. मध्यंतरी सुमारे एक वर्ष वाई येथे नारायणशास्त्री मराठे ह्यांजजवळ अध्ययन करून ते आश्रमात परतले.

आता सैन्यभरतीच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी खुद्द गांधीजींची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती झाकून ठेविली तर पुढील गोष्ट अर्धीच कळेल. १९१८ साली पहिले महायुद्ध चालू असता गांधीजी स्वतः गुजराथेतील खेडा जिल्ह्यात सरकारसाठी शिपाई मिळविण्यास गावोगाव हिंडले. थोड्याच दिवसांपूर्वी सारा-सत्याग्रहात ज्या शेतकऱ्यांनी त्यांस आपल्या बैलगाड्या फुकट दिल्या होत्या, ते आता भाड्यानेही गाडी देईनात. कोसच्या कोस पायी तुडवावे लागले. अहिंसा शिकविणारा मनुष्य आमच्या मुलांस मरावयास व मारावयास कसा नेतो, असे लोक त्यांस तोंडावर विचारू लागले. शेवटी गांधीजी अत्यंत आजारी पडले व युद्धही संपले. ह्या भरतीविषयी गांधीजींचे समर्थक अनेक कारणे देतात. आम्हास वाटते की त्या वर्षी खेड्याचे अडाणी शेतकरीच गुरूहून अधिक स्पष्ट पाहात होते. बावीस वर्षांनी गांधीजींनी ह्याच विषयावर आपला पहिला माणूस पुढे केला तेव्हा त्यांची बाजू अगदी उलट झालेली होती.

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले. शेठ जमनालाल बजाज ह्यांनी येथे आश्रम काढावा अशी इच्छा धरिली व गांधीजींनी विनोबांस पाठविले. तेव्हापासून मरेपर्यंत हाच जिल्हा त्यांचे घर झाला. नागपूरच्या झेंडा-सत्याग्रहात १९२३ साली तुरुंगवास, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवरील प्रवचने, जी साने गुरुजींनी लिहून घेतली, आणि मग वर्ध्याजवळ नालवाडी येथे हरिजनांच्या शेजारी राहून केवळ सूत कातून मिळेल तेवढ्यावर पोट भरण्याचा प्रयोग, असा हा काळ गेला. देह इतका खंगला की १९३८ साली त्यांस धाम नदीच्या काठी पवनार येथे हवापालटास नेले.

त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९३७ साली, आपल्या मध्यप्रांतातील दोन पुढाऱ्यांच्या खटपटीतून शाळेविषयीच्या दोन अगदी भिन्न कल्पना मूर्त झाल्या. नागपुरास डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे म्हणून नेत्रवैद्य होते. बोअर युद्धात त्यांनी जखमी शिपायांची सेवा केली होती. अमुक जाती लढवय्या व अमुक जाती भ्याड असे जे सरकारने ठरवून टाकिले होते, ते त्यांस फार लागे. १९३१ साली ते इटलीस गेले, मुसोलिनीस भेटले व तेथे लहान मुलांस गणवेश घालून कवायत व शस्त्रे शिकविणाऱ्या ज्या संस्था होत्या त्या त्यांनी पाहिल्या व त्या त्यांस पसंत पडल्या. शस्त्र चालविण्यास न शिकलेली जात नेहमी दुसऱ्याची दास राहते, अशी त्यांची खात्री होती. आणि १९३७ च्या जूनमध्ये नाशिकास त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल उघडले. आणि त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबर रोजी वर्ध्यास, नवभारत विद्यालयात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली. सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मातृभाषेतून, फुकट, व हाताच्या एखाद्या उद्योगाभोवती शिक्षण मिळावे असे तेथे ठरले. योजना आखण्यास डॉ. झाकिर हुसेन ह्यांची समिती नेमिली गेली व तीत विनोबा होते. आमच्या वाचकांस हे सांगावेसे वाटते की त्याच समितीत दोन ख्रिस्ती गृहस्थही होते: मगनवाडीचे जोसेफ कॉर्नेलिअस कुमारप्पा व सिलोनहून आलेले आर्यनायकम्.

नागपूर व वर्धा ह्यांत पाऊणशे किलोमीटरांचे अंतर. एकाने मुलाच्या हाती बंदूक द्यावी म्हटले, दुसऱ्याने टकळी. दोघेही देशावर प्रेम करणारे. दोघांसही मुलगा ताठ मानेने चालावा असे वाटे. भेद इतकाच, की एका शाळेत आज्ञा मानणे हा पहिला धडा, आणि दुसरीत मुलाने आपल्या हातच्या कामाचे का व कसे विचारावे हा पहिला धडा. पाहण्यास हा भेद लहान दिसतो. युद्ध आले म्हणजे तो केवढा आहे हे कळते.

युद्ध आले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. हिंदुस्थानातील एकाही प्रतिनिधीस विचारिले नाही. ह्यावरून प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. भरती जोरात सुरू झाली. गावोगाव युद्धनिधीच्या वर्गण्या जमू लागल्या, आणि वर्गणी मागणारा जेव्हा सरकारी अंमलदार असतो तेव्हा ती किती खुषीची असते हे खेड्यातील मनुष्यास सांगावयास नको. युद्ध सुरू झाले तेव्हा जे हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचे होते, ते १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या वर गेले. सक्तीचा कायदा नव्हता. सर्व स्वेच्छेने गेले असे कागदोपत्री आहे, व पुष्कळ अंशी ते खरेही आहे. फक्त त्या स्वेच्छेत पोटाचा वाटा किती होता ह्याची नोंद कोणी ठेविली नाही.

१९४० च्या सप्टेंबरअखेर गांधीजी सिमल्यास व्हाइसरॉयांस भेटले. मागणी एकच होती: ह्या युद्धात मदत करू नका असे लोकांस शांतपणे सांगण्याची मोकळीक असावी. व्हाइसरॉयांचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. ज्याच्या मनास युद्ध पटत नाही त्याने स्वतः लढू नये, आपले मत बोलूनही दाखवावे, परंतु शिपायाचे किंवा कारखान्यातील मजुराचे मन वळविण्याचा यत्न करू नये, असा त्याचा आशय होता. इंग्लंडात १९१६ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यातही विवेकबुद्धीने नकार देणाऱ्यास वाट ठेविलेली होती. म्हणजे सरकारास एकट्याच्या नकाराची भीती नव्हती. भीती होती ती त्याने आपल्या नकाराची कारणे दुसऱ्या तरुणास सांगण्याची. भरती करणारा अंमलदार गावात येऊन वाटेल ते सांगू शके, शाळेच्या पटांगणातही उभा राहू शके. पण थांब, विचार कर, असे म्हणणाऱ्यास मात्र तुरुंग. सर्व झगडा ह्या एका गोष्टीसाठी झाला.

वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणी बसली व गांधीजींनी सांगितले की ह्या वेळी गर्दी नको, एकेकट्याने उभे राहावे. पहिला कोण? लोकांस जवाहरलालजींचे किंवा दुसऱ्या मोठ्या पुढाऱ्याचे नाव अपेक्षित होते. गांधीजींनी विनोबांस निवडिले. देशातील बहुतेकांनी हे नाव ऐकिलेही नव्हते, म्हणून गांधीजींस आपल्या पत्रात लेख लिहून हा मनुष्य कोण हे सांगावे लागले. जवाहरलालजी दुसरे ठरले.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारच्या गावकऱ्यांपुढे उभे राहिले. कृश देह, पंचा, पंचेचाळीस वर्षांचे वय. सरकारास अगोदर कळवून ठेविलेले होते, कारण चोरून काही करावयाचे नाही असा नियमच होता. भाषण मराठीत, आणि शेतकऱ्यांशी बोलावे तसे. माणसे देऊन किंवा पैसा देऊन ह्या युद्धास साह्य करणे गैर आहे, आणि युद्धमात्राचा प्रतिकार अहिंसेनेच करावा, हे त्याचे सार. इंग्रज बुडावे असा त्यात सूर नव्हता. जर्मनीच्या विजयाची इच्छा तर मुळीच नव्हती. सैन्यात गेलेल्या मुलांची निंदाही नव्हती. सरकारने ते भाषण छापण्यास मनाई केली, इतकी की गांधीजींनी आपली साप्ताहिकेच काही काळ बंद ठेविली. चार दिवस विनोबा पायी गावोगाव हाच विषय बोलत गेले. २१ ऑक्टोबर रोजी देवळी येथे त्यांस पकडण्यात आले व तीन महिन्यांची साधी कैद झाली. सुटले की पुन्हा बोलावे, पुन्हा तुरुंग, असे त्या सत्याग्रहात तीन वेळा घडले. त्यांच्या मागून एकेक करून वीस हजारांहून अधिक माणसे देशभर तुरुंगात गेली.

ह्या देवळीविषयी एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. ज्या देवळीत विनोबांस युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल धरिले, त्याच देवळी तालुक्यात पुलगाव आहे, व तेथे सैन्याचे दारूगोळ्याचे प्रचंड भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तेथे आग लागून दोन अधिकारी व आग विझविणारी पुष्कळ माणसे प्राणास मुकली. सेवाग्राम, पवनार व पुलगाव ही तिन्ही एकाच जिल्ह्यात आहेत. आम्ही ह्यावर काही भाष्य करीत नाही. जिल्ह्यातील मुलांस मात्र ही तिन्ही ठिकाणे माहीत असावीत.

येथे आमच्या मंडळ्यांतील एखादा वडीलधारा मनुष्य आम्हास थांबवील व म्हणेल, की विनोबा ब्राह्मणाचे पुत्र. त्यांस प्रमाणपत्रे जाळणेही परवडले व सैन्यास नको म्हणणेही परवडले. आमच्यापैकी ज्यांच्या पूर्वजांस गावाच्या विहिरीवर पाय ठेविता येत नव्हता, त्यांस शिपायाचा पोशाख म्हणजे काय होता हे तुम्ही विसरता. हा आक्षेप खरा आहे, व तो हलका लेखणारा मनुष्य प्रामाणिक नव्हे. जुन्या मुंबई सैन्यात महार लोक मोठ्या संख्येने होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हे सुभेदार होते व सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. ज्या काळी अस्पृश्याच्या मुलास गावच्या शाळेच्या पायरीवर बसू देत नसत, त्या काळी पलटणीत शिपायांच्या मुलामुलींस शिकविले जाई. त्या शाळा नसत्या तर पुष्कळ घरांत अक्षर शिरलेच नसते. मग १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची भरतीच बंद केली. गोपाळबाबा वलंगकर व शिवराम जानबा कांबळे ह्यांनी ती पुन्हा उघडावी म्हणून अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारिली व गरज संपताच १९२१ साली मोडून टाकिली. १९४१ च्या ऑक्टोबरात, म्हणजे विनोबांच्या पवनारच्या भाषणानंतर बरोबर एक वर्षाने, बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, आणि त्यासाठी खटपट करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर अग्रभागी होते. हिटलरचा जय झाला तर जगातील सर्व दीनांचा नाश होईल, असे त्यांचे मत होते. आणि पुढे जे बाहेर आले त्यावरून ते मत चुकीचे होते असे कोणास म्हणता येणार नाही.

तर मग विनोबांचे काय? आम्ही ह्यावर बराच विचार केला आहे. आम्हास असे दिसते की महारांच्या भरतीचा इतिहासच विनोबांच्या बाजूने अर्धी साक्ष देतो. ज्याने पाहिजे तेव्हा बोलाविले, नको तेव्हा घरी पाठविले, त्याने त्या मनुष्याचा मान केला असे कसे म्हणावे? मान शाळेने दिला. बंदूक ही त्या शाळेची फी होती. ज्या गावात शाळा, जमीन व पाणी मिळते त्या गावच्या मुलास ती फी भरावी लागत नाही. आणि विनोबांच्या आयुष्याचा पुढील भाग पाहिला, तर त्यांस हे उमगले होते असे आम्हास वाटते, जरी त्यांनी ह्या शब्दांत ते कोठे मांडिले असल्याचा आमचा दावा नाही. तुरुंगातून सुटल्यावर ते पवनारहून रोज सुरगावास जाऊन तेथील मैला साफ करीत. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी त्यांजकडे ऐंशी एकर जमीन मागितली व रामचंद्र रेड्डी ह्यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून भूदान निघाले व तेरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर पायी चालले. त्या जमिनीपैकी पुष्कळ नापीक निघाली, पुष्कळ कधी वाटलीच गेली नाही. तो इतिहास सर्वश्रुत आहे व येथे त्याचा विस्तार नको.

ह्या पदयात्रेत १९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेना काढिली. नाव सेनेचे, शिस्त सेनेची, हाती शस्त्र नाही. दर पाच हजार लोकांमागे एक सैनिक, म्हणजे सगळ्या देशास सत्तर हजार, असा त्यांचा हिशेब होता. गणित त्यांस कधी सुटले नाही. एरवीच्या दिवसांत सैनिकाने गावाची सेवा करावी व दंगा उसळला म्हणजे दोन्ही पक्षांच्या मध्ये जाऊन उभे राहावे. ती संख्या कधीही भरली नाही. परंतु १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीसएक दरोडेखोरांनी त्यांजपुढे येऊन बंदुका ठेविल्या. आणि त्या कामी त्यांस ज्याने फार साह्य केले तो मनुष्य सैन्यातीलच होता, मेजर-जनरल यदुनाथ सिंग. ह्यावरून असे दिसते की विनोबांचे भांडण शिपायाशी नव्हते.

त्यांच्या आयुष्यात असे प्रसंगही आले की ज्यांत त्यांचा मार्ग सरळ दिसत नाही. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा शस्त्रांनी होणाऱ्या बचावास त्यांनी विरोध केला नाही. देशात अहिंसेचे बळ अजून उत्पन्न झालेले नाही, मग कोणत्या तोंडाने विरोध करावा, अशी त्यांची भूमिका होती. परदेशातील त्यांच्या युद्धविरोधी मित्रांस हे रुचले नाही. १९७५ च्या आणीबाणीत, ज्याने १९४० साली बोलण्याच्या मोकळिकीसाठी तुरुंग पत्करिला, त्याने पुढे हजारो लोक बोलल्याबद्दल तुरुंगात पडले असता बहुतेक मौन धरिले, व जे थोडे लिहिले त्याचा सरकारने आपल्या सोयीने उपयोग केला. त्यांचे भक्त ह्याचा खुलासा करितात. आमचे समाधान होत नाही. तथापि पवनारचे भाषण त्यामुळे खोटे ठरत नाही.

आमच्या शाळामास्तरांस व उपदेशकांस उपयोगी अशी त्यांची शेवटची मोठी गोष्ट आता सांगू. स्वराज्य आले तेव्हाच त्यांचे म्हणणे होते, की जुना झेंडा एक दिवसही ठेविला नाही, मग जुने शिक्षण का ठेविता? न्यायाधीश जसा सरकारचा पगार घेऊनही सरकारविरुद्ध निकाल देऊ शकतो, तसा शिक्षक असावा, शाळेत काय शिकवावे हे मंत्र्याने ठरवू नये, असे ते वारंवार सांगत. १९६८ साली बिहारात त्यांनी आचार्यकुल म्हणून शिक्षकांचा संघ काढिला, जो कोणत्याही सरकारच्या किंवा पक्षाच्या ओंजळीने पाणी पिणार नाही. आता हेच साल दुसऱ्या एका कारणाने पाहा. एन. सी. सी. ही संस्था १९४८ साली कायद्याने निघाली. तिची मुळे १९१७ सालच्या युद्धकाळातील विद्यापीठांच्या पलटणीपर्यंत जातात. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली ती महाविद्यालयांत सक्तीची झाली, व १९६८ साली पुन्हा ऐच्छिक केली गेली. ह्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक युद्धाबरोबर शाळेतील कवायत वाढते व भीती ओसरली की ती कमी होते, हे दिसून येते. २०२५ च्या जूनमध्ये आपल्या राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी पहिल्या इयत्तेपासून मुलांस प्राथमिक लष्करी शिक्षण देण्याचा व त्याकामी माजी सैनिकांस घेण्याचा मनोदय जाहीर केला. त्या वर्षीच्या मे महिन्यातच सरहद्दीवर चकमकी झडल्या होत्या. सहा वर्षांच्या मुलाने पाय आपटून चालण्यात कदाचित काही वाईट नसेल. व्यायाम चांगला, वेळेवर येणे चांगले, माजी सैनिक पुष्कळदा फार सरळ माणसे असतात. आम्ही एवढेच विचारतो, की त्याच शाळेत दुसरी बाजू सांगण्यास कोण येणार?

दुसरी बाजू आमच्या मंडळीसही नवी नाही. रोमी राज्यात २९५ साली, आज जो अल्जीरिया देश आहे तेथे तेवेस्त नगरी, मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणास भरतीसाठी अधिकाऱ्यापुढे उभे केले. उंचीचे माप घेतले, गळ्यात सैन्याचे चिन्ह बांधू लागले. त्याने ते घेतले नाही, कारण तो ख्रिस्ताचा होता. अधिकारी कठोर नव्हता. दुसरे ख्रिस्ती लोक सैन्यात आहेतच, असे त्याने समजाविले. मुलाने उत्तर दिले की त्यांचे त्यांस ठाऊक. बापास सांगितले, मुलाची समजूत घाल. बाप भरतीच्याच खात्याशी संबंध असलेला. पण त्याने सांगितले की मुलाचे मन मुलास माहीत आहे. मुलाचा शिरच्छेद झाला. भरतीसाठी बापाने जे नवे कपडे त्यास केले होते ते मारेकऱ्यास द्यावे असे त्याने मरतेवेळी बापास सांगितले. आम्ही सर्व तरुणांनी असेच करावे असा ह्याचा अर्थ नाही. त्याच काळी ख्रिस्ती शिपाई होते व आज आमच्या कित्येक घरांतील मुले सरहद्दीवर आहेत, ज्यांच्यासाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना करितो. परंतु त्या बापाने जे केले ते प्रत्येक बापास करिता येईल. त्याने मुलास ढकलले नाही व ओढलेही नाही.

विनोबांनी निरनिराळ्या धर्मांची शास्त्रे अभ्यासिली होती, व नव्या करारातील वचने निवडून ख्रिस्तधर्म-सार हे पुस्तक तयार केले. अखेरची बारा वर्षे ते पवनार सोडून कोठे गेले नाहीत. १९८२ च्या नोव्हेंबरात दुखणे वाढले तेव्हा त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे बंद केले, आणि १५ नोव्हेंबर रोजी सकाळी देह ठेविला. पुढील वर्षी सरकारने त्यांस भारतरत्न ही पदवी दिली. धाम नदीच्या काठावर त्यांचा आश्रम आहे. तेथील भगिनी आपली शेती व स्वयंपाक स्वतःच्या हाताने करितात. तेथे जाण्यास तिकीट लागत नाही. दाखला मागण्यास येणाऱ्या मुलास आम्ही दाखला देतो व देत राहू. फक्त अर्ज भरण्याच्या अगोदर एक दिवस त्याने तेथे जाऊन यावे, व जमल्यास परत येताना देवळीच्या बाजारातूनही फिरून यावे, असे त्यास सुचवितो.